दोन देशांचे व्याही

दोन्ही गाड्या अरुंद पुलाच्या बरोबर मध्यावर नाकाला नाक लावून थांबल्या, आणि मागे कुणीच घेईना.

उत्तरेकडून आलेली गाडी चित्रकलेच्या मास्तरांची होती. मागे त्यांची बायको आणि नवरी मुलगी बसली होती. दक्षिणेकडून आलेली गाडी दातांच्या डॉक्टरांची. ते व्याह्यांना सामोरे आले होते. त्यांच्याही मागे बायको आणि नवरा मुलगा. साडेअकराची वेळ होती, दक्षिण काठावरच्या नोंदणी कचेरीत. अकरा वाजून पाच मिनिटं होऊन गेली होती.

मास्तरांची आणि डॉक्टरांची मैत्री वीस वर्षांची. मास्तर दाढ दाखवायला गेले होते, तेव्हा त्यांना दवाखान्याच्या भिंतीवर एक नंबरप्लेट दिसली. ती जगात कधीच नसलेल्या एका देशाची होती. तोंडात कापसाचा बोळा असतानाच मास्तरांनी हातवारे करून सांगितलं की हा नाद आपल्यालाही आहे. इतिहास वेगळा घडला असता तर गाड्यांवर कसल्या पाट्या असत्या, ते ठरवायचं आणि पत्र्यावर रंगवायचं. राजा पळून गेला नसता तर मुकुटाची पाटी. लढाई हरलेले जिंकले असते तर त्यांच्या लिपीतली पाटी. दर रविवारी दोघं बसत. अक्षराची जाडी किती आणि स्क्रूच्या भोकांत अंतर किती, यावरून वाद घालता घालता जेवण निवून जाई. दोघांच्या बायका म्हणत, लोकांचे नवरे निदान पत्ते तरी खेळतात.

त्याच रविवारांत मुलांचं जमलं. दोन्ही घरी आनंद झाला. त्या आनंदात मास्तरांना एक कल्पना सुचली.

दीडशे वर्षांपूर्वी नदीच्या उत्तर काठावर एक बंड झालं होतं आणि चार दिवसांत मोडलंही होतं. ते मोडलं नसतं तर नदी ही सरहद्द झाली असती. मास्तर उत्तरेला राहत, म्हणून त्यांनी उत्तरेच्या प्रजासत्ताकाची हिरवी पाटी केली. डॉक्टरांनी दक्षिणेच्या राज्याची पिवळी केली. रविवारी दोघांनी पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर चिन्ह म्हणून हाच पूल होता.

मास्तर म्हणाले, बंडवाल्यांनी पूल पहिल्याच रात्री घेतला असता. डॉक्टर म्हणाले, पूल बंडानंतर साठ वर्षांनी झाला, आणि दगड दक्षिणेच्या खाणीतला आहे. पुढच्या रविवारी डॉक्टर नकाशा घेऊन आले. मास्तरांनी तो लाल शाईने तपासून परत पाठवला. मग मास्तरांची दाढ पुन्हा दुखायला लागली. त्यांनी दवाखान्यात फोन केला, तर परदेशी रुग्णांना महिनाभर आधी वेळ घ्यावी लागते असं उत्तर मिळालं. त्या दिवशी सुजलेल्या गालाने मास्तरांनी घरात जाहीर केलं की घुसखोरांच्या घरात मुलगी द्यायची नाही.

मुलगी पाणीपुरवठ्यात इंजिनियर होती. तिने बाबांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

"बाबा, आमचा पंप या काठावर आहे आणि टाकी त्या काठावर," ती म्हणाली. "रोज पाणी पाठवते मी. अजून कुणी अडवलं नाही."

मास्तरांनी चूळ थुंकली, पण हट्ट गिळला नाही. तीन महिने दोघे मित्र एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नाची तारीख मुलांच्या आयांनी परस्पर पक्की केली.

लग्नाच्या सकाळी दोघांनीही आपापल्या गाडीच्या खऱ्या नंबरावर आपापल्या देशाची पाटी ठोकली. बायकांनी मनात म्हटलं, एवढ्याने समाधान होत असेल तर होऊ दे.

आणि आता पुलावर हे असं. मागे घेणं म्हणजे हक्क सोडणं. मास्तरांनी इंजिन बंद केलं. डॉक्टरांनीही केलं, आणि खाली उतरून बॉनेटवर नकाशा पसरला. मास्तर खिशातलं लाल पेन काढत उतरले. मागे दुधाचा टँकर उभा राहिला, त्याच्यामागे शाळेची बस, मग कपाटं लादलेला टेंपो. हॉर्नच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना.

मुलीने घड्याळ पाहिलं आणि दार उघडलं. समोरच्या गाडीचं दारही उघडलं. पाठोपाठ दोघी विहिणी उतरल्या, साड्या सावरत.

"आम्ही सह्या करून येतो," डॉक्टरांची बायको म्हणाली. "तोवर तुमचं काय ते मिटवा."

डॉक्टरांनी नकाशावरून मान वर केली नाही. चौघं कठड्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे चालत गेली.

त्यानंतर दहा मिनिटांनी वाहतूक हवालदार पोचला. तो जीप मागेच सोडून अर्धा किलोमीटर गाड्यांमधून वाट काढत आला होता आणि घामाने निथळत होता. त्याने आधी हिरवी पाटी पाहिली, मग पिवळी. दोन्ही गाड्यांना एक एक फेरी मारली. मग शांतपणे वही काढली. खोटी नंबरप्लेट म्हणजे गाडी जप्त आणि माणूस चौकीवर, हे त्याने दोघांना समजावून सांगितलं. पूल अडवल्याचा गुन्हा वेगळा. मागून टँकरवाल्याने पुन्हा हॉर्न दाबला, तेव्हा मात्र त्याचा संयम सुटला.

"हा पूल तुमच्यापैकी कुणाच्या बापाचा आहे?" तो म्हणाला. "ज्याच्या असेल, त्याने पहिलं जीपमध्ये बसायचं."

तीन महिने दोघं याच प्रश्नासाठी जागले होते. मास्तरांकडे बंडाचे दाखले होते. डॉक्टरांकडे खाणीचे होते. मास्तरांनी पेन खिशात ठेवलं आणि बोट उचललं. डॉक्टरांचं बोट आधीच उचललेलं होतं.

"यांच्या," दोघं एकदमच म्हणाले.