दहावीतला फोन

शिवकन्या शेटेच्या दप्तरात फोन वाजला, तेव्हा राजेश्वर कोरे सर दहावीला इतिहास शिकवत होते. ते त्या शाळेचे मुख्याध्यापक. अकरा ते पाच या वेळेत विद्यार्थ्यांनी मोबाइल आणायचा नाही, ही सूचना आठच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिली होती.

शिवकन्या उठली. फोन बंद करून सरांच्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही, माफी मागितली नाही. वर्गात पहिली येणारी पोरगी. सरांना फोनपेक्षा तिच्या त्या गप्प बसण्याचा राग आला.

मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावून त्यांनी विचारलं, फोन कुणी घेऊन दिला. ती जमिनीकडे बघत राहिली. कुणाचे फोन येतात, विचारलं. तरी तिची नजर वर आली नाही. दोन हजार सहा साल होतं. पाटोद्याजवळच्या त्या गावात निम्म्या मास्तरांकडेही मोबाइल नव्हता. सोळा वर्षांच्या पोरीकडे तो आला म्हणजे देणारा कुणीतरी होता, आणि त्याने काहीतरी मनात ठेवूनच तो दिला होता, एवढं सरांना कळत होतं.

तेवढ्यात मराठीचे बंकट सर हजेरीपट घ्यायला आले. पोरगी हुशार आहे, परीक्षा तोंडावर आहे, समज देऊन सोडावं, असं त्यांनी सुचवलं. बोलताना शिवकन्याकडे एकदाही पाहिलं नाही. कोरे सरांनी ऐकून घेतलं आणि तिच्या वडिलांना निरोप धाडला.

वीरभद्र शेटे पाटोद्यातलं किराणा दुकान बंद करून आले. फोन हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. आपल्याकडे एकच फोन, तोही दुकानात असतो, म्हणाले. मग तो हळूच टेबलावर परत ठेवला.

"तिची आई कवाची म्हणतीय, लिंबागणेशचं स्थळ चांगलं हाय," शेवटी ते म्हणाले. "मीच शिकू दे म्हणत व्हतो. आता दाखला द्या सर."

परीक्षा दोन महिन्यांवर होती. आज दाखला दिला तर ही पोरगी पुन्हा शाळेची पायरी चढणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सरांनी पंधरा मिनिटं मागून घेतली. शेटे बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. शिवकन्या त्यांच्यापासून लांब, खांबाला टेकून उभी राहिली.

सरांनी दार लोटून फोन चालू केला. त्यात एकच नंबर होता. नाव नव्हतं. रोज त्याच नंबरावरून फोन, कधी दोनदा, कधी चारदा, आणि सगळे शाळेच्या वेळेत. सरांनी तोच नंबर लावला.

शेजारच्या नववीच्या वर्गात रिंग वाजली.

सरांनी खिडकीतून पाहिलं. बंकट सर हातातल्या खडूसकट वर्गाबाहेर आले आणि घाईघाईने पाण्याच्या टाकीमागे गेले.

"शिवकन्या, फोन दिला व्हय परत?" कानात दबका आवाज आला. "लई बरं झालं. तुझ्याबिगर माझं काय चालंना."

सरांनी फोन बंद केला. बंकट सरांना दोन लेकरं होती. त्यांची बायको सणासुदीला कोरे सरांच्या घरी डबा पाठवायची. बाहेर बाप बसला होता. सरांनी शिपायाला पाठवून बंकट सरांना मागच्या दाराने आत घेतलं.

"कवापासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून."

"फोन तुमीच दिला?"

बंकट सरांनी होकारार्थी मान हलवली.

"लेकीच्या वयाची हाय ती. बाप भाईर बसलाय दाखला मागायला. काय बोलता रोज तिच्याशी?"

बंकट सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर एक चौकोन होता, त्याचे दोन कर्ण काढले होते आणि पुढचा सगळा कागद कोरा होता.

"नववीची भूमिती," ते म्हणाले. "मी मराठीचा माणूस, सर. गणिताच्या मास्तरांची बदली झाली तवा तुमीच ते तास माझ्या गळ्यात घातले. रात्री वाचून येतो, पर फळ्यापाशी गेलं की अडतंय. मग टाकीमागं जाऊन तिला इचारतो. ती पाण्याचं निमित्त करून भाईर येती आन् सांगती. आताबी पोरं खोळंबलीत."

सर खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी शिवकन्याला आत बोलावून विचारलं, हे आधी का सांगितलं नाही.

"नववीची पोरं सरांना हसली असती," ती म्हणाली.

कोरे सरांनी शाळेचं पत्र काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, की सदर विद्यार्थिनीकडे सापडलेला मोबाइल शालेय कामकाजाचा असून तिच्या वर्तनाबद्दल शाळेची कोणतीही तक्रार नाही. सही केली, शिक्का मारला आणि बाहेर जाऊन ते शेटेंच्या हातात दिलं. फोन दिल्याची नोंद नव्हती म्हणून घोटाळा झाला, असंही सांगितलं. शेटेंनी पत्र दोनदा वाचलं. शाळेने एवढ्या पोरांतून आपल्याच पोरीकडे फोन दिला, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. दाखल्याचं नाव न काढता त्यांनी पत्र जपून खिशात ठेवलं. आता लिंबागणेशवाल्यांना परीक्षेनंतरच काय ते कळवू, म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.

बंकट सर ऑफिसातच उभ्याउभ्या शिवकन्याकडून गणित समजून घेऊन नववीवर पळाले. शिवकन्याही वर्गाकडे वळली. फोन टेबलावर होता, तिने तो मागितला नाही.

सरांनी तिला थांबवलं. व्हरांड्यात कुणी नाही हे बघून दार लोटलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

"मंगळवारी बीडला मीटिंग हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "नवे साहेब नुसतं इंग्रजीत बोलत्यात. मी भाईर येऊन फोन लावला की लगेच उचल."