मोठी अक्षरं

हॉलमधल्या टीव्हीला त्याने कॉम्प्युटर जोडला आणि तेव्हापासून घरात एकच विषय: त्यावर मालिका-सिनेमे बघायला सॉफ्टवेअर कुठलं ठेवायचं? एकात नुसती रटाळ यादी, दुसऱ्यात पोस्टरांची गर्दी, तिसऱ्यात मात्र चित्रं अशी अलगद सरकायची की बघत राहावं. बायको वैतागून म्हणाली, "काहीही ठेव, पण एकदाचं ठेव."

आई त्या रटाळ यादीलाच चिकटून बसली होती. "दोनदा खाली, एकदा उजवीकडे, की माझी मालिका लागते. उगाच नसत्या उठाठेवी करू नकोस."

"अगं, नवं बघ तरी! अक्षरं केवढी मोठी आहेत, रंग बघ!"

"छान आहेत. पण जुनंच राहू दे रे."

वय झालं की माणूस हट्टी होतो, असं स्वतःशीच म्हणत त्याने जुनं काढून टाकलं आणि तिसरं बसवलं. आईच्या मालिकेचं चित्र तर सगळ्यांत वर, अर्ध्या पडद्याएवढं लावलं. आता चुकायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला, तेव्हा पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत सेटिंगचं पान उघडं होतं. आई रिमोट मांडीवर घेऊन, बोटांनी बटणं चाचपत, टक लावून समोर बघत होती.

"आई, काय बघतेयस?"



"मालिकाच की. आज सगळे रुसलेत वाटतं, कुणी बोलतच नाहीये."