मनीची तिसरी अट

समुपदेशन केंद्रात खुर्च्या गोलात मांडून झाल्यावर आईने त्यातली एक उचलली आणि दाराजवळ नेऊन ठेवली.

"इथं मनी बसेल," ती म्हणाली. "वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे तिला."

समुपदेशक ताईंनी मान डोलावली. ही बैठक जुळवायला त्यांना बरेच महिने लागले होते. आधी त्या मनीशी एकटीशी बोलल्या, मग तिच्या नवऱ्याशी वेगळं. मारहाण करणाऱ्या पुरुषांच्या सुधारणा गटात तो वर्षभर जात होता, तरी ताईंनी घाई केली नाही. "मनीला हवं असेल तरच बसायचं," त्यांनी सांगितलं होतं. "आणि समेट घडवायला बसायचं नाही. काय झालं, कुणाला किती लागलं आणि आता काय करायचं, एवढंच."

नातेवाइकांनी नाकं मुरडली. नवरा-बायकोचं भांडण, होईल शांत, असं म्हणत दोघं-तिघं घरी येऊनही गेले. बाबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मनी हे नावही बाबांनीच ठेवलेलं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ती एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "दुसरं कुठं जावं ते सुचलं नाही," एवढंच बोलली. गालावरचा वळ बघून आईने काही न विचारता तिला आत घेतलं. पुढे कितीतरी दिवस ती घरात पाय न वाजवता चालायची. भांडं ठेवलं तरी आवाज नाही. "मांजर पाळलंय की काय आपण?" बाबा एकदा म्हणाले, आणि ती पहिल्यांदा हसली. आता ती चष्म्याच्या दुकानात कामाला जायची, जिना धाडधाड उतरायची, आणि बाबांच्या भाजीत मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगायची.

तो आला. सदरा गळ्याशी सैल झाला होता. आईच्या ते नजरेत आलं आणि तिने झटकन खिडकीकडे मान वळवली.

मनी बाजूच्या खोलीतून आली. "आई, तू माझ्याजवळ बस," ती म्हणाली. आई बसली. बाबा दुसऱ्या बाजूला बसले. समोर तो एकटाच.

"माझा हात उठायचा," त्याने सुरुवात केली, "पण मी काही मुद्दाम..."

"'पण' नको," ताई म्हणाल्या. "आणि हात आपोआप उठत नाही."

तो घुटमळला. मग सावकाश म्हणाला, "मी तिला मारायचो. तिचा फोन काढून घ्यायचो. शेवटी कपाटावर ढकललं, आणि सगळ्यांना सांगितलं की ती बाथरूममध्ये घसरली."

"पण एवढा शिकलेला माणूस..." बाबा उसळले.

"बाबा, 'पण' सगळ्यांनाच बंद आहे," ताई म्हणाल्या.

मनीला खुदकन हसू आलं. बाबाही ओशाळले. खोलीतला ताण जरा सैलावला.

"मनी, तुला काय हवंय?" ताईंनी विचारलं.

तिने हे खूप वेळा घोकलेलं होतं. "मी परत नांदायला येणार नाही. त्यावर बोलायचंच नाही."

"नाही बोलणार," तो म्हणाला.

"मी घसरले नव्हते. ज्यांना ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना स्वतः फोन करून खरं सांग."

"सांगतो. या रविवारपर्यंत."

"मी सोमवारी विचारीन," ताई म्हणाल्या.

"आणि अजून एक..." मनी अडखळली. ही गोष्ट तिने घरीही काढली नव्हती. तिने आईकडे पाहिलं. आईने तिचा हात धरला. बोल, असं नजरेनंच सांगितलं.

"मी आई-बाबांजवळ राहते. बेल वाजली की अजून छातीत धस्स होतं. मला ते घर निर्धास्त हवंय. मला विचारल्याशिवाय तू तिथं यायचं नाही. मी नाही म्हटलं, तर नाही."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा फरशीकडे बघत होते. मग आईकडे पाहिलं. तिने मनीचा हात सोडला नव्हता.

"विचारल्याशिवाय येणार नाही," तो म्हणाला. "शब्द देतो."

मनीने मोठा श्वास सोडला. ठरल्याप्रमाणे आधी ती निघाली, बाबांना घेऊन. जिन्यावर तिची पावलं दणदणली, मागोमाग बाबांची हाक आली, "अगं, माझ्या गुडघ्यांचा तरी विचार कर!" आणि दोघांचं हसणं खाली खाली जात राहिलं.

आई खुर्च्या लावायला मागे थांबली. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तो अजून तिथंच बसून होता. मनी लांब जाईपर्यंत त्याने उठायचं नव्हतं.

"फोन आजच लाव," ती म्हणाली.

"लावतो." त्याने वर पाहिलं. आवाजात कुरकुर नव्हती, नीट समजून घ्यायचं होतं त्याला. "आई, खरंच विचारून यायचं मी?"

"हो रे सोन्या," आई म्हणाली. "आपल्या घरी यायचं, तर आधी माझ्या सुनेला विचारायचं."