दोर धरणाऱ्याचं तोंड

"सोड की हात! मी धरलंय तुला!" रेडिओ खालून ओरडली.

वरच्या मुलीने हात सोडले नाहीत. चाळीस फूट उंच कातळाला ती पालीसारखी चिकटून होती. चढून झालं होतं. आता फक्त मागे रेलायचं, कमरेच्या पट्ट्यात बसायचं आणि माथ्यावरच्या कडीतून फिरून खाली गेलेला दोर खालच्या माणसाला हळूहळू सोडू द्यायचा. बाकीचे सहाजण सकाळपासून तसेच हसत-खिदळत उतरले होते. हिचे पाय मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखे थडथडत होते.

रेडिओ म्हणजे वसतिगृहातली तिची रूममेट. परक्या देशात पहिल्या दिवशी आपणहून येऊन बोलली ती हीच, आणि त्यानंतर थांबली नव्हतीच. शनिवार-रविवारच्या या डोंगरसहलीला तिनेच हिला ओढून आणलं होतं. आत्ताही कमरेच्या कडीतून ओवलेला दोर दोन्ही हातांत धरून तिची टकळी चालू होती.

"उजवीकडे ढग बघ कसला आलाय! आणि उतरलं की गरम सूप आहे म्हणे. ऐकतेयस ना?"

ऐकत होती, म्हणूनच तर हात सुटत नव्हते.

तिचे वडील विहिरींतला गाळ काढत. दोराने आत उतरायचं, बादल्या भरायच्या, वर यायचं. दोराचं दुसरं टोक काठावरच्या खांबाला दोन वेढे देऊन कुणीतरी धरायचं. वेढे असले की लेकीच्या हातालाही बापाचं वजन पेलतं. पण आधी काका धरायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंडाला कुलूप नाही. एकदा वाटेने जाणाऱ्या कुणाशी गप्पा रंगल्या आणि दोर चार हात सुटला. वडिलांचा गुडघा फुटला. त्या दिवशी त्यांनी भावाच्या हातातला दोर काढून बारा वर्षांच्या मुलीच्या हाती दिला आणि नियम सांगितला, "दोर धरणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे. बाकी सगळं मुकं."

नऊ वर्षं तिने तो नियम पाळला. काठावर उभी असताना शिंक आली तरी तिने गिळली.

मग ती जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला इतक्या लांब आली. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, दोर कोण धरतं?"

"काका आहे की. तू तुझ्या पुस्तकांकडे बघ."

ती फोन ठेवी. जीव मात्र काठावरच राही.

"...आणि माझी आजी म्हणायची ना, की..." खालून चालूच होतं.

"गप्प बस गं! एकदम गप्प!" ती किंचाळली.

रेडिओ खटकन बंद झाली. वारा तेवढा राहिला. आता तरी हात सुटतील असं तिला वाटलं. पण तेवढ्यात कमरेशी काहीतरी जाणवलं. वैद्याला नाडी कळावी तसा तिला दोर कळायचा. दोर थरथरत होता. तिने खांद्यावरून खाली पाहिलं. रेडिओ ओठ घट्ट मिटून, पांढरीफटक होऊन तिच्याकडे बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती.

पिकल्या मिशांचा प्रशिक्षक सावकाश रेडिओच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने मान वर केली.

"पोरी, तिला बोलू दे. बोलते तेव्हाच तिचा हात स्थिर असतो. सकाळपासून बघतोय मी."

ती क्षणभर कातळाला कपाळ टेकून राहिली.

"काय म्हणायची तुझी आजी?"

खालून आधी घोगरा, मग मोकळा आवाज आला. "म्हणायची की, तुझं लग्न बहिऱ्याशीच लावून द्यायला हवं!"

दोर शांत झाला. तिने एक हात सोडला. मग दुसरा. पट्ट्याने वजन घेतलं. दोर बोटभरही सरकला नाही. बहिऱ्या नवऱ्यावरून आजीच्या गुडघ्यांवर, तिथून शेजाऱ्याच्या बोकडावर अशी ती बडबड खालून येत राहिली, आणि तिच्याच आधाराने ती पायरी-पायरीने उतरावी तशी जमिनीवर आली.

सूप तसंच ठेवून तिने घरी फोन लावला. सगळं सांगितलं, पाय थडथडले तेही. मग म्हणाली, "बाबा, काकाला गप्प बसवू नका. वाटेवरच्या माणसांशी बोलू देऊ नका, एवढंच. त्याला म्हणावं, विहिरीत वाकून तुमच्याशी बोलत राहा. आत शब्द नाही कळले तरी चालतील. आवाज येतोय म्हणजे माणूस काठावर आहे."

 

पलीकडून वडिलांचा आवाज आला. पण तिच्यासाठी नव्हता. ते घरात काकाला हाक मारत होते.

"अरे ए, ऐकतोस का? माळ्यावरचा दोर खाली काढ. उद्या उन्हात टाकून वीत-वीत तपास. हिला विमानतळावर सोडून आलो, तेव्हापासून हात नाही लागलाय त्याला."