डावा हात

सही वाकडी आली, तसे प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंनी डाव्या हातानं केलेली ती सही पहिलीतल्या पोरीची वाटावी अशी होती. लाकडाच्या फळीवर चित्र उलटं कोरायचं, शाई फिरवायची आणि कागदावर ठसा सुलटा उमटवायचा, हे शिकवण्यात बाईंची उभी हयात गेली होती. कलाशाळेत त्यांच्या रेघेला तोड नव्हती. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला.

"कोरणी धरता येत नाही, तर मुलांना दाखवणार काय?" प्राचार्यांनी निवृत्तीचा अर्ज हलकेच ओढून घेतला. "निरोप मात्र थाटात देऊ."

"निरोप नको," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी थोरल्या बहिणीनं समजूत घातली. "परिस्थितीपुढे हात टेकावेच लागतात गं."

"दोन असते तर टेकले असते, ताई. एकच उरलाय. तो मला लागतो."

त्यानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाकडाचा भुसा पडू लागला. डाव्या हातातली कोरणी भलतीकडेच धावायची. चिमणी कोरायला घेतली की कोंबडी व्हायची. ताई कुरकुरत भुसा झाडायची, चिडायची आणि शेवटी फळी घट्ट धरून समोर बसायची.

नवं वर्ष सुरू झालं. पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या, तेव्हा नवे सर खुर्ची सोडून गडबडीनं बाजूला झाले. तेही बाईंच्याच हाताखाली तयार झालेले. बाईंनी खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरळ शेवटच्या बाकावर, दोन पोरींच्या मधे जाऊन बसल्या.

बातमी कळताच प्राचार्य धावत आले. "बाई, हे काय आरंभलंय? लोक हसतील आपल्याला!"

"शिकवायला मी चालत नाही, म्हणून शिकायला आले. वयाची अट नाही तुमच्याकडे. प्रवेश परीक्षा दिलीय. काठावर का होईना, पास झालेय."

एक पोरगी फिसकन हसली. प्राचार्य तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेले.

फळ्या वाटल्या गेल्या. सर बाकांमधून फिरू लागले. बाईंच्या बाकाशी आले आणि काहीच न बोलता पुढे सरकले.

"थांब," बाईंनी हाक मारली. "माझं चुकलंय ना?"

"बाई, तुम्हाला मी काय..."

"अरे, तुझं चुकायचं तेव्हा मी गप्प बसायचे का?"

सर मागे वळले, फळीवर वाकले आणि म्हणाले, "मनगट ताठ ठेवलंय तुम्ही. अशानं रेघ मरते. पुन्हा कोरा."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी फळी पालथी केली, कोरणी डाव्या मुठीत नीट धरली आणि म्हणाल्या, "दाखवा, सर."