नंतरचं काहीच नको

"हे सिमेंट कुठल्या गाढवाने थापलंय?"

फ्रेडरिकने नकाशाची गुंडाळी भिंतीवर आपटली. ओमानमधल्या खाबुऱ्यातल्या खजुराच्या बागेतलं ते जुनं, मातीच्या भिंतींचं शेतघर. नव्या मालकाला ते शंभर वर्षांपूर्वी होतं तसं हवं होतं. मस्कतच्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणारा हा वसईचा इंजिनीअर आज पहिल्यांदा साइटवर आला होता, आणि आल्यापासून तोंडाचा पट्टा चालू होता.

"नंतरचं काहीच नको. मागून चिकटवलेलं सगळं काढा. खालून सुरू करा, यल्ला!"

मजूर जहूर गवंड्याकडे बघायला लागले. जहूर चहाचा कागदी कप धरून उभा होता. गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"मीच थापलंय ता," तो म्हणाला. "चोवीस वर्सां झाली. तवाच्या अर्बाबला, मालकाला, पक्का घर पायजे होता."

"मातीवर सिमेंट? सगळी ओल आत कोंडली. रत्नागिरीत हेच शिकवतात काय तुम्हाला?"

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. समुद्राची खारी ओल सिमेंटमागे अडकते आणि माती आतून भुसभुशीत होते, हे जहूरला फार उशिरा कळलं होतं.

"चूक माझीच. पन आता माती काय धरत नाय, सिमेंटच धरून हाय. आधी दारावरच्या तुळईला टेकू द्या, मग वरनं काढू."

"टेकू ड्रॉइंगमध्ये नाहीये. मला शिकवू नकोस."

"मी मानसां भिंतीखाली घालनार नाय."

"मग खलास! उद्या तुझा व्हिसा कॅन्सल. गावी जाऊन थाप सिमेंट."

छप्पन्नाव्या वर्षी दुसरा व्हिसा कोण देणार? तरी जहूर जागचा हलला नाही.

फ्रेडरिकने स्वतःच हातोडा उचलला आणि दारात उभं राहून दोन घाव घातले. सिमेंटचा पोपडा खाली आला. त्याच्यामागे भिंत नव्हतीच. भुसभुशीत माती भसाभसा वाहत आली आणि फ्रेडरिकचे बूट त्यात बुडाले. वर खजुराच्या खोडाची तुळई करकरली, एका अंगाला खाली बसायला लागली. त्याने घाबरून तिला खांदा दिला. आता खांदा काढला तर छप्पर थेट डोक्यावर येणार होतं.

मजूर केव्हाच मागे सरले होते.

"जहूर! टेकू आण! लवकर, बाबा!"

जहूरने कप ओठांना लावला.

"नंतरचा कायच नको, असा तुमीच बोल्लात ना, सायेब?"

उरलेला चहा त्याने सावकाश संपवला, कप चुरगळून खिशात ठेवला आणि खजुराखाली पडलेले लोखंडी टेकू आणायला निघाला. चालतच निघाला.