जाते म्हणणारी

शशिकलाबाईंनी आणखी एक "जाते" लाल शाईने खोडलं आणि वर "येते" लिहिलं. निघताना कुणी "जाते" म्हणतं का? मुद्रितशोधनासाठी आलेल्या या कादंबरीची नायिका पहिल्याच पानापासून त्यांच्या डोक्यात गेली होती. आई वारली तरी रडत नाही, गावामागून गावं बदलते, कुणाच्या दारात घुटमळत नाही.

सातव्या प्रकरणापासून मात्र त्या वाचतच सुटल्या. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका चक्क नजरेतून निसटल्या.

चार दिवसांनी लेखिकेकडून पानं परत आली. प्रत्येक "जाते" तसंच ठेवायला सांगून तिने समासात लिहिलं होतं, "हिची वाट बघणारं कुणी नाही. ही 'येते' कुणाला म्हणणार?"

बाईंनी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात सून हेमांगी चपला घालत दारातून म्हणाली, "आई, जाते." वसतिगृहात वाढलेली पोर. लग्नाला दोन वर्षं झाली तरी रोज तेच, आणि रोज बाई आतूनच खेकसायच्या, "येते म्हणावं!"

आज त्या लाल पेन ठेवून दारापर्यंत गेल्या. म्हणाल्या, "संध्याकाळी चहाला थांबते गं तुझ्यासाठी."